दुसरी ओळ

भैरूने चहाचा रिकामा कप विहाराच्या पायरीवर पालथा घातला आणि सांगून टाकलं, की ज्योतीरामांना बोलवायचं ठरलं तर आपण यंदा समितीत नाही.

कोणी त्याची समजूत काढली नाही. पिंपरीच्या त्या वस्तीत वैशाखी पौर्णिमेला दर वर्षी गाण्याचा कार्यक्रम होई आणि गायला कोणाला आणायचं यावरून चैत्रातच माणसं एकमेकांशी बोलेनाशी होत. वाद कंपनीच्या बसमध्ये सुरू व्हायचा, कँटीनमधून नळावर यायचा आणि शेवटी विहाराच्या पायऱ्यांवर येऊन बसायचा. यंदा एवढंच एकमताने ठरलं होतं, की नवे गायक नकोत. जुन्या, नावाजलेल्या गायन पार्ट्यांपैकी एखादी अजून गाती आहे तोवर ऐकून घ्यावी, असं अध्यक्ष जयसिंगचं म्हणणं होतं. पण जुन्यातलं कोण, इथे गाडी अडली होती.

भैरूला कस्तुराबाई हवी होती. ती औरंगाबादकडची. साठी उलटली तरी तिच्या आवाजापुढे लाउडस्पीकर लाजतो, असं तो सांगत असे. जयसिंगला ज्योतीराम हवे होते. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्याने त्यांना ऐकलं होतं आणि अजूनही मशिनच्या घरघरीत तो त्यांचीच गाणी म्हणायचा. त्यावर भैरूचं उत्तर तयार होतं. खांद्यावर बसून ऐकलेलं सगळंच गोड लागतं, असं तो म्हणाला. मग त्याने आवाज जरा खाली आणला.

"आवाज गेलाय त्यांचा, राव. अन् आवाजाचं सोडा. तीन पोरं हायेत, एकानंबी ठेवून घेतलं न्हाई. नवरा-बायको दौंडला कुणाच्या तरी पडवीत ऱ्हात्यात. अशा माणसाला स्टेजवर बसवून आपण काय बघायचं?"

पलीकडे बायका पताका चिकटवत बसल्या होत्या. त्यांच्यातल्या शालनबाईंचा हात खळीच्या वाटीत तसाच राहिला. समितीच्या बोलण्यात त्या कधी पडत नसत. दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या वॉर्डात त्या आया होत्या. कामावरून येत, सांगितलेलं करत आणि घरी जात.

"तिघांतल्या एकानंबी न्हाई?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, मावशी."

शालनबाईंनी बोटांना लागलेली खळ पदराला पुसली. "मग त्यांनाच बोलवा," त्या म्हणाल्या.

जयसिंगला आनंद झाला, पण अडचण त्यालाही दिसत होती. कार्यक्रम दुरंगी सामन्याचा असायचा. स्टेजच्या एका बाजूला एक पार्टी, दुसऱ्या बाजूला दुसरी. एकीने गाऊन दोन ओळींचा टोला हाणायचा, दुसरीने त्याच जागी उत्तर बांधून परतवायचा. ज्योतीराम आले तरी त्यांच्यासमोर बसायला तशाच तयारीचं माणूस हवं, ते कुठून आणायचं, असं तो म्हणाला.

"मी बसते," शालनबाई म्हणाल्या.

तरुण पोरं एकमेकांकडे बघू लागली. मावशी गातात हेच त्यांना ठाऊक नव्हतं. जी चार जुनी माणसं होती त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्यांच्यापैकी एकाने मान हलवत म्हटलं की बाईचं मन मोठं आहे. शालनबाईंनी ते ऐकलं. पताका पुन्हा पुढ्यात ओढली आणि तिला खळ लावू लागल्या.

शालनबाई गात असत तेव्हा, म्हणजे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी, ज्योतीराम याच वस्तीत, शालनबाईंच्या भिंतीला भिंत लागून राहत. शालन त्यांच्याच पार्टीत कोरसला गाऊन तयार झाली. तिचा नवरा अर्जुनराव ढोलकी वाजवी. पुढे दोघांनी स्वतःची पार्टी काढली आणि पिंपरीच्या मैदानात तिचा पहिला सामना लागला तो ज्योतीरामांशीच. ती जिंकत होती. लोक तिच्या ओळींवर उठून उभे राहत होते, आणि ज्योतीरामांना दोनदा उत्तर सुचलं नव्हतं. मग त्यांनी पेटीवर पंजा आपटला आणि म्हटलं,

*पाळणा जिच्या घरी हलेना,*
*मांडव तिच्यानं हलेल का?*

मांडव हसला. सगळा हसला. त्याआधी महिनाभरापूर्वीच शालनला सातव्या महिन्यात मेलेलं मूल झालं होतं. त्याच्याआधीही दोनदा तसंच झालेलं. ज्योतीरामांची बायको छबूबाई तिच्या उशाशी बसून होती. तिनेच पाणी तापवून तिला अंघोळ घातली, तिनेच छातीवर घट्ट फडकं बांधलं, दूध जिरावं म्हणून. आणि फडक्यात गुंडाळलेलं ते मूल पवनेच्या काठी पुरायला अर्जुनरावांबरोबर गेले होते ते ज्योतीरामच.

शालनला पुढची ओळ सुचली नाही. तिच्या ध्यानात राहिलं ते एवढंच, की लोक हसत असताना अर्जुनरावांचा हात ढोलकीवर चालूच होता. त्याला थांबायचं भान नव्हतं. त्या दिवसानंतर ती गायली नाही आणि पुढे तिला मूलही झालं नाही. ज्योतीराम मोठे झाले, नोकरी सोडून गावोगाव फिरू लागले, वस्तीतून गेले. त्यांची गाणी मात्र वस्तीत राहिली. लग्नात, जयंतीला, नळावर ती ऐकू आली की शालनबाई दाराला कडी लावून घेत.

विहारावरून घरी गेल्यावर अर्जुनरावांनी विचारलं, हे कशाला. म्हातारा झालाय तो आता, त्याच्याशी काय सामना करायचा, असं ते म्हणाले. शालनबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी परातीतलं पीठ सारखं केलं आणि एवढंच विचारलं, की ढोलकी वाजवणार का दुसरं कोणी बघू. अर्जुनरावांनी खुंटीवरची ढोलकी खाली काढली. शाई निघून गेली होती, दोऱ्या सैल पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ते ती घेऊन बाजारात गेले.

ओळ शालनबाईंना वॉर्डात सापडली. एका बाळाला पुसून आईच्या कुशीत देता देता ती आपोआप जुळली, जशी काही इतकी वर्षं ती फक्त भैरूच्या तोंडून एक बातमी यायची वाट बघत होती.

*पाळणे हलले ज्याच्या घरी,*
*तो का निजतो परक्या दारी?*

त्यांनी ती कोणालाही ऐकवली नाही. गल्लीतल्या चार बायका कोरसला धरल्या, त्यांच्याकडून बाबासाहेबांची गाणी बसवून घेतली, बुद्धवंदना बसवून घेतली. आवाज आधी फाटला, मग चरचरला, मग एका संध्याकाळी जुन्या वाटेवर आला. ऐकायला दारात माणसं जमू लागली. भैरूसुद्धा आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला की कस्तुराबाई आली नाही तेच बरं झालं. शालनबाई हसल्या. पण ती ओळ त्या मनातच म्हणत. बादली भरताना, पायरी चढताना, नवऱ्याला ताट वाढताना. तिला धार लावायची गरज नव्हती. ती हाताळायला बरी वाटे, म्हणून म्हणत.

पौर्णिमेला दुपारी जयसिंग स्टेशनवरून पाहुण्यांना घेऊन आला. शालनबाई गर्दीच्या मागे उभ्या राहिल्या. ज्योतीराम वाळले होते. सदरा खांद्यावरून ओघळत होता. त्यांच्याबरोबर पार्टी अशी नव्हतीच. दौंडचा एक ढोलकीवाला, आणि पेटीचं गाठोडं डोक्यावर घेतलेली छबूबाई. जयसिंग काही विचारी, तर ज्योतीराम आधी छबूबाईकडे बघत. मग ती त्यांच्या कानाशी वाकून बोले आणि ते उत्तर देत. म्हातारपणाची सवय असेल, असं लोकांना वाटलं.

छबूबाईने गर्दीतून शालनबाईंना ओळखलं. गाठोडं खाली ठेवून ती सरळ त्यांच्याकडे आली, दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरला आणि तब्येत कशी आहे, अर्जुन कसा आहे, अजून त्याच खोलीत राहता का, असं एकामागून एक विचारत राहिली. तिच्या हाताला प्रवासाची धूळ होती. शालनबाईंनी सगळ्याची उत्तरं दिली. तुम्ही कुठे राहता, हे मात्र त्यांनी विचारलं नाही.

ऊन कललं तसा सामना सुरू झाला. सकाळी पहिल्या शिफ्टला जाणाऱ्यांसाठी लवकर सुरू करून लवकर संपवायचं ठरलं होतं. ज्योतीराम पेटीला गुडघा टेकवून बसले, जणू लाकडातूनच त्यांना सूर कळत होता. आवाज खरखरीत झाला होता, वरच्या जागा त्यांनी सोडून दिल्या, पण पहिल्याच गाण्याला जुनी माणसं पुढे सरकली. जयसिंग स्टेजच्या कडेला उभा राहून ओठ हलवत होता. शालनबाईंनी गायलं तेव्हा मांडव शांत झाला आणि मग टाळ्यांचा असा आवाज आला, की त्यांच्या मागच्या बायका घाबरून हसल्या.

दोन फेऱ्या झाल्या. तेवढ्यात शालनबाईंच्या एक गोष्ट लक्षात आली. त्या गात असत तेव्हा ज्योतीराम त्यांच्याकडे बघून मान डोलवत. पण त्यांची मान आणि ढोलकीचा ठेका यांचा मेळ नव्हता. शालनबाईंचं गाणं संपलं, की छबूबाई पदर तोंडाशी धरून त्यांच्या डाव्या कानाला लागे. तिचं सांगून झालं की मगच ते पेटी ओढत. त्यांना ऐकूच येत नव्हतं. समोरचं माणूस काय म्हणालं ते छबूबाई सांगे, आणि तेवढ्या शिदोरीवर ते उत्तर बांधत.

ते कळल्यावरही शालनबाई थांबल्या नाहीत. तिसऱ्या फेरीला गाण्याचा शेवट करून त्यांनी कोरसला हाताने गप्प केलं, ज्योतीरामांकडे वळल्या आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेल्या आवाजात ती ओळ सोडली.

*पाळणे हलले ज्याच्या घरी,*
*तो का निजतो परक्या दारी?*

या वेळी अर्जुनरावांचा हात थांबला. ठेका तुटला. जुन्या माणसांना काय घडलं ते आधी कळलं, आणि मग हसू आलं. मागून, पोरांच्या बाजूने, भैरूच्या बाजूने, ते पुढे सरकत आलं. लोकांनी हसावं एवढंच शालनबाईंना हवं होतं. हसत असलेल्या मांडवासमोर ज्योतीराम दोन्ही हात जोडून बसले होते आणि स्वतःही हसत होते.

शालनबाईंची नजर त्यांच्यावरून सरकून मागे गेली. छबूबाई हसत नव्हती. तिच्या हातातली झांज मांडीवर पडली होती. तीही त्याच पडवीत निजत होती. ते तीन पाळणे तिनेच हलवले होते. ती शालनबाईंकडे बघत होती. डोळ्यांत राग नव्हता. ताप आलेल्या माणसाकडे बघावं, तसं काहीतरी होतं. मग तिने पदर तोंडाशी धरला आणि नवऱ्याच्या कानाला लागली. मांडव गप्प झाला. ती नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलत होती.

ज्योतीरामांचा चेहरा उजळला. त्यांनी पेटी ओढली.

*माहेरी आली लेक आज,*
*मांडवाला चढला साज.*

एक म्हातारा उठून उभा राहिला, मग सगळेच. एवढा घाव सोसून माणूस वैऱ्याला लेक म्हणाला, असं लोक एकमेकांना सांगू लागले. भैरूने डोळे पुसले. समितीत राहणार नाही म्हणणारा तोच स्टेजवर चढला आणि ज्योतीरामांच्या पाया पडला. पुन्हा एकदा मांडव हलला, आणि पुन्हा एकदा तो त्यांच्यासाठीच हलला. शालनबाईंची फेरी होती. त्यांनी ती घेतली नाही. जयसिंगने सामना बरोबरीत सुटल्याचं जाहीर केलं आणि दोघांच्या गळ्यात हार घातले.

पाहुण्यांची उतरायची सोय जयसिंगच्या घरी होती. लोक अजून मांडवात बोलत उभे होते, तोवर शालनबाई तिकडे गेल्या. छबूबाई मागच्या अंगणात चुलीवर पाणी तापवत होती. पुढच्या खोलीत ज्योतीराम एकटेच खाटेवर बसले होते. शालनबाईंना बघताच त्यांनी जवळ यायची खूण केली आणि आपला डावा कान बोटाने दाखवला.

"या कानात अजून थोडं शिरतंय. कुणाला सांगू नको, कार्यक्रम मिळायचे न्हाईत. छबू म्हणली, तू मला भर मांडवात गुरू म्हणलीस. लोक लई खूश झालं. परत म्हण की एकदा. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

शालनबाई खाटेशी टेकल्या. मध्ये कोणी नव्हतं. त्या वाकल्या, म्हाताऱ्याच्या कानाशी तोंड नेलं आणि त्यांच्या मनात आलं, की आधी सवाल कळायला हवा. सवालाशिवाय जबाब लागत नाही. म्हणून त्यांनी जुनी ओळ म्हटली. एकेक शब्द सुटा करून म्हटली. आजवर ती त्यांनी कोणाहीसमोर, नवऱ्यासमोरसुद्धा, उच्चारली नव्हती. पाळणा जिच्या घरी हलेना, मांडव तिच्यानं हलेल का.

ज्योतीरामांनी डोळे मिटून ऐकलं. मांडीवर बोटांनी ठेका धरून ती ओळ एकदा पुटपुटले, मग सुरात घोळवून पाहिली.

"बांधणी झकास हाय," ते म्हणाले. "हलेना, हलेल का. कुणाची गं?"

शालनबाईंना वाटलं, ते थट्टा करताहेत. त्यांनी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. थट्टा नव्हती.

"तुमची," त्या म्हणाल्या.

"माझी? मी कुणाला म्हणलो असलं?"

"मला. हितंच, पिंपरीत. पवनेच्या काठी जाऊन आलात, त्याच्या पुढच्या महिन्यात."

मांडीवरची बोटं थांबली. त्यांना ओळ आठवत नव्हती, पण नदीचा काठ आठवला असावा. कारण त्यांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. छबूबाई गरम पाण्याचं भांडं घेऊन दारात आली होती. दोघांचे चेहरे बघून ती उंबऱ्यातच थांबली.

ज्योतीरामांनी मान वर केली.

"छबू, ही मघाशी मांडवात काय म्हणाली? गुरू नसंल म्हणाली. खरं सांग."

शालनबाई उठल्या. छबूबाईच्या अंगावरून बाहेर पडताना त्यांना भांड्याची वाफ लागली. आता सगळं व्हायचं तसं होणार होतं; त्यांना काही करायची गरज नव्हती. पायरीवर येऊन त्यांनी एक चप्पल पायात सरकवली. आत छबूबाईने भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज आला, बहिऱ्या माणसाशी बोलताना काढावा लागतो तसा मोठा, गल्लीत ऐकू जाईल असा.

"पाळणे हलले ज्याच्या घरी," छबूबाई म्हणाली.

आणि थांबली.

शालनबाई दुसऱ्या ओळीची वाट बघत उभ्या राहिल्या. ती येत नव्हती. समोरून दोन पोरं ज्योतीरामांचं गाणं म्हणत गेली. आतून म्हाताऱ्याने विचारलं, "पुढं?"

त्यांनी पुन्हा विचारलं, "पुढं काय, छबू?"

शालनबाईंनी पायातली चप्पल काढली आणि त्या पुन्हा आत गेल्या.